गोळी दिल्यावर दोन दिवस धीर धरा

कुत्र्याला गोचिडांची गोळी सकाळी दिली आणि संध्याकाळी कानाच्या पाळीत पुन्हा गोचीड दिसला, की घरात बोलणं सुरू होतं. गोळी लागू पडली नाही. दुकानदाराने जुना माल दिला. आणखी एक देऊन बघायची का?

नका देऊ. गोळी बहुतेक वेळा आपलं काम करत असते. तुम्ही घड्याळ जरा लवकर बघता, एवढंच.

या गोळ्यांचा हिशेब तासांचा आहे. पिसवा साधारण ८ तासांत मरतात. गोचिडांना जास्त वेळ लागतो. काही १२ तासांत मरतात, बरेचसे २४ तासांत. चिवट असतात ते ४८ तासांपर्यंत टिकतात. म्हणून गोळी लागू पडली की नाही, हे दोन दिवसांनी ठरवा.

हा वेळ का लागतो ते कळलं की निम्मी काळजी जाते. गोळी पोटात जाते आणि तिथून रक्तात उतरते. बाहेर कातडीवर ती काहीच करत नाही. गोचीड चावला, रक्त प्यायला, की त्या रक्ताबरोबर औषध त्याच्या पोटात जातं. ते त्याच्या नसांवर काम करतं. नसांवरचा ताबा सुटतो, तो लुळा पडतो आणि मरतो. म्हणजे मरण्यासाठी त्याला आधी चावावंच लागतं. पिसू अंगावर आली की लगेच रक्त पिते. गोचीड आधी जागा शोधतो, तोंड रुतवून बसतो आणि सावकाश पीत राहतो. त्याचं मरणही सावकाश येतं.

यातच दुसरी गोष्ट आली. ही गोळी गोचिडाला अंगावर चढण्यापासून रोखत नाही. गल्लीतून, बागेतून, शेजारच्या कुत्र्याकडून नवे गोचीड येत राहणार. येतील, चावतील, मरतील. गोळीचा असर आहे तोवर हे असंच चालायचं.

तेव्हा गोळीनंतर आठ-दहा दिवसांनी एखादा गोचीड दिसला, तर तो कसा आहे ते आधी बघा. बारीक, चपटा, तपकिरी, केसांतून चालणारा असेल तर तो नुकताच चढलेला आहे. त्याची चिंता नको. सुकलेला, न हलणारा पण कातडीला लटकलेला असेल तर तो मेलेला आहे. तोंड रुतलेलं असल्याने मेल्यावरही काही गोचीड लगेच गळून पडत नाहीत. पण फुगलेला, करडा, वाटाण्याएवढा जिवंत गोचीड अंगावर असता कामा नये. एवढं फुगायला त्याला कित्येक दिवस रक्त प्यावं लागतं. असा दिसला तर डॉक्टरांना फोन करा. वजनाला गोळी कमी पडली असेल, कुत्र्याने ती कुठेतरी उलटून टाकली असेल, किंवा गोळीच नकली असेल.

आता गोळ्यांविषयी. आपल्याकडच्या दवाखान्यांत नेक्सगार्ड, सिम्पेरिका आणि ब्रॅव्हेक्टो ही नावं जास्त ऐकू येतात. या सगळ्या एकाच घराण्यातल्या. हे घराणं २०१३-१४ पासून बाजारात आलं. यांतल्या पहिल्या दोन गोळ्या महिन्यातून एकदा द्यायच्या असतात. ब्रॅव्हेक्टोचा असर साधारण १२ आठवडे धरतात, काही जातींच्या गोचिडांवर ८ आठवडेच. तुमच्या भागात किती धरायचा, ते डॉक्टर सांगतील. कोणती गोळी काही तास आधी काम करते यावर लोक वाद घालत बसतात. मला विचाराल तर घरच्या माणसाला त्या फरकाचा फारसा उपयोग नाही. वेळेवर दिलेली साधी गोळी उशिरा दिलेल्या भारी गोळीपेक्षा बरी.

एक मात्र तपासा. फक्त पिसवांवर चालणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्यांतल्या काही अर्ध्या तासात पिसवा मारायला लागतात. ते ऐकून कुणी गोचिडांसाठी तीच आणली, तर गोचीड जागचा हलणार नाही. वेष्टणावर काय लिहिलंय ते वाचा, किंवा सरळ विचारा: ही गोचिडांवर चालते का?

गोळी आणण्याआधी कुत्र्याचं वजन करा. अंदाजाने सांगू नका. घरात वजनकाटा असेल तर कुत्र्याला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. मोठं कुत्रं असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या. या गोळ्या वजनाच्या टप्प्यांप्रमाणे येतात. कुठे ४ ते १० किलो, कुठे १० ते २० किलो. मागच्या दिवाळीत ९ किलोचं असलेलं पिल्लू आता १४ किलोचं झालं असेल आणि तुम्ही जुनं पाकीट दाखवून तीच गोळी आणत असाल, तर ती पुरणार कशी?

पैसे वाचवायला मोठ्या कुत्र्याची गोळी आणून तिचे दोन तुकडे करणारे बरेच आहेत. गोळी महाग आहे, हे मलाही मान्य. पण तुकडे करू नका. अर्ध्या तुकड्यात अर्धंच औषध आलं, हे डोळ्यांनी कळत नाही. एका कुत्र्याला कमी जातं, दुसऱ्याला जास्त. खर्चच झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं मोकळेपणी सांगा. मानेवर टाकायचं औषध किंवा फवारा असे स्वस्त मार्गही ते सुचवतात. त्यात लाजायचं काय?

डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगा. पिल्लू असेल तर त्याचं वय. ८ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला या गोळ्या देत नाहीत. कुत्री गाभण आहे का, पिल्लांना पाजते आहे का. दुसरं कोणतं औषध चालू आहे का. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्याला कधी फिट आली होती का. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांबद्दल सूचना काढली होती. बहुतेक कुत्र्यांना त्या सोसतात, पण काहींना थरथर, तोल जाणं किंवा फिट असा त्रास होऊ शकतो, असं तिच्यात म्हटलं होतं. फिट येणाऱ्या कुत्र्यासाठी डॉक्टर दुसरा उपाय निवडतील.

गोळी सकाळी द्या. दिवसभर कुत्रं डोळ्यांसमोर राहतं आणि काही वाटलं तर दवाखाना उघडा असतो. रात्री अकरा वाजता गोळी देऊन झोपी जाण्यात काही शहाणपण नाही. जेवणाबरोबर दिलेली बरी. काही गोळ्या उपाशीपोटीही चालतात, काहींना पोटात अन्न असावंच लागतं, नाहीतर औषध रक्तात नीट उतरत नाही. भाकरी-दुधाच्या वाडग्यात टाकून निघून जाऊ नका. हातावर द्या आणि गिळेपर्यंत थांबा. हुशार कुत्रं गोळी गालात धरून ठेवतं आणि सोफ्यामागे जाऊन थुंकतं.

पुढचे दोन तास लक्ष ठेवा. उलटी झाली तर वेळ लिहून ठेवा, उलटीत गोळी दिसते का बघा आणि डॉक्टरांना विचारा. पुन्हा द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने दुसरी गोळी देऊ नका.

आंघोळीचं विचाराल, तर गोळी पोटात असल्याने आंघोळीने ती धुऊन जात नाही. मानेवर टाकायच्या औषधाचं वेगळं असतं. ते टाकण्याआधी आणि नंतर दोन दिवस सहसा पाणी नको म्हणतात.

गोळी दिली त्या दिवशी घाईने काय काय केलं जातं, ते मात्र बोलायलाच हवं. संध्याकाळी गोचीड दिसले म्हणून रॉकेलचा बोळा फिरवला जातो. तंबाखूचं पाणी चोळलं जातं. अंथरुणात डांबरगोळ्या ठेवल्या जातात. कुत्रं अंग चाटतं, हे विसरू नका. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटलेलं रॉकेल छातीत गेलं तर जीवावर बेततं. तंबाखू आणि डांबरगोळी ही त्याच्यासाठी विषंच. कडुलिंबाच्या पाल्याने फारसं बिघडत नाही, पण गोचिडांचंही काही बिघडत नाही.

शेतावर कुत्रं असेल तर आणखी जपा. गायी-म्हशींच्या गोचिडांवर फवारायचं औषध गोठ्यात असतंच. उरलेलं थोडं कुत्र्याच्या अंगावर ओतलं, असं सर्रास होतं. जनावराचं माप कुत्र्याला चालत नाही. अमिट्राझसारखं औषध जास्त झालं किंवा चाटलं गेलं तर कुत्रं सुस्त पडतं, नाडी मंदावते. जनावरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला टोचून घेणारेही आहेत. मात्रा चुकली तर थरथर, आंधळेपणा, बेशुद्धी इथपर्यंत जातं. कोली जातीच्या आणि तिच्या नात्यातल्या कुत्र्यांना तर थोडंही सोसत नाही. एवढा धोका पत्करूनही गोचिडांवर त्याचा भरवसा नाहीच. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं कोणतंही गोचीडनाशक तिला लावू नका. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजर मरू शकतं.

मग दोन दिवस हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. दिसतील ते गोचीड हाताने काढा. चिमटा घ्या. गोचिडाचं पोट न दाबता, कातडीच्या अगदी लगत पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका. काडी पेटवून चटका देऊ नका, तेल ओतून वाट बघू नका. काढलेला गोचीड नखाने चिरडू नका आणि जमिनीवरही टाकू नका, कारण गोचीड गिळल्यानेही कुत्र्याला एक आजार होतो. स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि झाकण लावा. मग हात साबणाने धुवा. शोधताना कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी बघा. पाठीवर हात फिरवून काही लागलं नाही म्हणून समाधान मानू नका.

आता घराकडे वळू. गोळी लागू पडत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा दोष घरातल्या भेगांचा असतो. आपल्याकडे कुत्र्यांवर सगळ्यांत जास्त आढळतो तो तपकिरी गोचीड. याला जंगल लागत नाही. घरात, जिन्याखाली, गॅलरीत तो पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो. आयुष्यात तो तीनदा रक्त पितो आणि दर वेळी खाली उतरतो. तुम्हाला कुत्र्यावर दिसतात ते थोडे, बाकीचे भिंतीत असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते, भेगेत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. उपाशी गोचीड भेगेत कित्येक महिने तग धरतो. आज गोळी दिली आणि अंगावरचे मेले, तरी भिंतीतले पुढच्या आठवड्यात बाहेर येणारच.

म्हणून गोळीच्या दिवशीच घर हाती घ्या. कुत्र्याचं अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. अगदी जुनं गोणपाट असेल तर धुण्यापेक्षा घरापासून दूर जाळून टाका. नुसती फरशी पुसून भागत नाही, कारण हा गोचीड वर चढतो. दाराच्या चौकटी, पडद्यांच्या दुमड्या, सोफ्याच्या शिवणी, खाटेच्या फळ्या, भिंतीवरच्या चित्रांच्या मागची बाजू बघा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर फिरवा आणि त्याची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. भेगा सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण महिनाभर औषधं फवारण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. तरीही भिंतीवर गोचीड चालताना दिसत असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा. घरात कुत्रं आहे हे त्यांना आधी सांगा आणि फवारणी वाळेपर्यंत त्याला बाहेर ठेवा.

एका गोळीत घर मोकळं होत नाही. लागोपाठ तीन-चार महिने गोळी चुकवली नाही, तर भिंतीतून येणारा प्रत्येक गोचीड चावून मरतो आणि नवी अंडी पडत नाहीत. मग हळूहळू संख्या ओसरते. लोक दुसऱ्या महिन्यातच थांबतात. गोचीड दिसत नाहीत, मग कशाला खर्च? तिथेच चुकतं. महिना संपत आला की गोळीचा वेग मंदावू शकतो, आणि तारीख टळली की भिंतीतल्यांचं फावतं. पुढच्या गोळीची तारीख आजच भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही एकाच दिवशी द्या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्रास वाढतो हे खरं, पण घरात राहणाऱ्या गोचिडाला आपल्याकडची थंडी काही अडवत नाही.

फाटकाशी बसणाऱ्या रस्त्यावरच्या कुत्र्यांवर राग काढू नका. ती हाकलली तर दुसरी येतात. सोसायटीतल्या चार घरांनी वर्गणी काढून त्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी दिली, तर सगळ्यांचाच भार हलका होतो.

माणसांनीही थोडं जपावं. कुत्र्यावरचा गोचीड माणसाला चावू शकतो आणि त्यातून अंगावर पुरळ उठणारा ताप येऊ शकतो. गोचीड चावल्यावर काही दिवसांनी ताप, डोकेदुखी, पुरळ असं झालं तर डॉक्टरांना गोचिडाचं नक्की सांगा. ते विचारतीलच असं नाही. दोडामार्ग, सावंतवाडीकडचा किंवा गोव्यातल्या सत्तरीकडचा माकडताप मात्र वेगळा. तो जंगलातल्या निराळ्या जातीच्या गोचिडांमुळे येतो. कुत्र्याला गोळी दिली म्हणून काजूच्या बागेत उघड्या पायांनी जायला मोकळीक मिळत नाही.

शेवटी गोचीडतापाचं बोलतो, कारण गोळीच्या वेगाची खरी मर्यादा तिथे आहे. गोचिडातून कुत्र्याला होणाऱ्या तापांपैकी बॅबेसियाच्या जंतूंना अंगात शिरायला सहसा एक-दोन दिवस लागतात. तोवर गोळी गोचिडाला मारते, म्हणून तिथे तिचा मोठा आधार आहे. पण एर्लिकियाचे जंतू गोचीड चिकटल्यापासून तीन तासांतही रक्तात जाऊ शकतात. एवढ्या लवकर कोणतीच गोळी मारत नाही. गोळीने धोका खूप कमी होतो, संपत नाही. तुमच्या भागात हा ताप फार असेल तर गोळीच्या जोडीला गोचिडाला चावूच न देणारं, वरून लावायचं औषध घ्यावं का, ते डॉक्टरांना विचारा.

आणखी एक. चावल्यापासून ताप दिसायला आठवडा, दोन-तीन आठवडेही लागतात. त्यामुळे गोळी दिल्यावर आठ दिवसांनी कुत्रं आजारी पडलं, की लोक गोळीला दोष देतात. बहुतेक वेळा तो गोळीच्या आधी चावलेल्या गोचिडाचा ताप असतो. झालेला ताप गोळीने बरा होत नाही. त्याचं औषध वेगळं.

कुत्रं जेवत नाही, अंग तापलंय, हिरड्या पांढुरक्या दिसतात, पोटावर बारीक लाल ठिपके आलेत, नाकातून रक्त येतंय किंवा लघवी कॉफीच्या रंगाची होतेय, यांतलं एक जरी दिसलं तरी उद्यावर ढकलू नका. घरातली क्रोसिन, ब्रूफेन देऊ नका, त्यांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा, गोचीड होते हे सांगा, गोळी कधी दिली तेही सांगा आणि रक्त तपासून घ्या. लवकर धरला तर या तापातून बरीच कुत्री नीट उठतात.